वनस्पतींतील विद्युत्-संकेत आणि आपली शेती

(मुळशी तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर पौड येथे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना थोडे आश्चर्य वाटले असेल. वनस्पती आणि वीज यांचा एकमेकांशी संबंध तो काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी नाही. कला शाखेची पदवी घेऊन मी शासनाच्या सेवेत आलो आणि तज्ज्ञांचे म्हणणे सर्वसामान्यांच्या भाषेत पोहोचविणे हेच माझे काम झाले. तेव्हा आज मी बोलणार आहे ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर तज्ज्ञांना वारंवार प्रश्न विचारून जे समजले ते सांगणारा एक मध्यस्थ म्हणून.

हा विषय मुळशीत मांडावा असे वाटण्याचे कारण आहे. आपल्या तालुक्याची दोन टोके पाहा. पूर्वेस हिंजवडी आणि माण येथे संगणकाच्या उद्योगांची नगरी उभी आहे. पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूला डोंगरउतारावर आजही राब भाजला जातो, मृगाच्या पावसावर रोप टाकले जाते आणि चिखलणी करून आंबेमोहर आणि इंद्रायणीची आवणी होते. एकाच तालुक्यात इलेक्ट्रॉनिकीचे आणि भाताचे राज्य शेजारी शेजारी नांदत आहे. ही दोन राज्ये आता एकमेकांच्या बांधावर येऊन उभी राहिली आहेत. पिकाला विजेचा सूक्ष्म प्रवाह देणारी, पिकाचे म्हणणे ऐकणारी, पिकाची वाढ दुप्पट करणारी म्हणून नाना तऱ्हेची उपकरणे बाजारात येऊ लागली आहेत. त्यांपैकी खरे काय आणि भुलवणारे काय, हे ठरविण्याची वेळ उद्या ग्रामसभेवर येणार आहे. त्याची पूर्वतयारी म्हणून हे चार शब्द.

रोपाच्या आतील वीज

अनुभवी शेतकरी खाचराच्या बांधावर उभा राहून पिकाची प्रकृती ओळखतो. पान पिवळे पडले की नत्र कमी, पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसले की करपा, मधली सुरळी सुकली की खोडकिडा. परंतु ही सर्व लक्षणे डोळ्यांना दिसतात तेव्हा रोपाच्या आत बरेच काही घडून गेलेले असते. रुग्णाला ताप चढल्यावर आपण कपाळावर हात ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. वैद्य मात्र नाडी पाहतो. रोपालाही अशी काही नाडी आहे काय, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे.

एका अर्थाने ती आहे. वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीला एक पातळ आवरण असते. या आवरणाच्या आत आणि बाहेर पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचे भारित कण कमीअधिक प्रमाणात असतात. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेने ऋणभारित राहते. हा फरक साधारणपणे १०० ते २०० मिलिव्होल्ट इतका असतो. आपल्या विजेरीतील एक सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही वीज किती अल्प आहे याची कल्पना येईल. पान चावले गेले, खोड कापले गेले, एकाएकी थंडी पडली किंवा नुसता स्पर्श झाला, तरी हा फरक क्षणभर ढळतो आणि ती ढळ एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे सरकत जाते. हाच विद्युत्-संकेत होय.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे आपल्या बांधावरची लाजाळू. तिच्या पानाच्या टोकाला इजा झाली की पर्णिका जोडीजोडीने मिटत देठाकडे येतात. हा संकेत सेकंदाला सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर वेगाने जातो. तो पर्णिकांच्या व देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठींपर्यंत पोहोचला की तेथील पेशींतून पाणी बाहेर पडते, गाठ सैल होते आणि पान कलते. आपल्या शरीरातील वेगवान मज्जातंतू सेकंदाला १०० मीटरपर्यंत संदेश नेतात. त्या मानाने लाजाळूचा टपाल मार्ग संथ आहे. पण टपाल पोहोचते, हे महत्त्वाचे.

एका भारतीय शास्त्रज्ञाची चिकाटी

वनस्पतीतील विजेची पहिली प्रसिद्ध नोंद १८७३ साली झाली. चार्ल्स डार्विन त्या काळी कीटकभक्षी वनस्पतींचा अभ्यास करीत होते. त्यांच्या सूचनेवरून लंडनचे शरीरशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी माशी पकडणाऱ्या डायोनिया या वनस्पतीच्या पानात विद्युत्-संकेत मोजला. परंतु असा संकेत केवळ हालचाल करणाऱ्या विशेष वनस्पतींतच असतो, सामान्य झाडापेरांत तो नसतो, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती.

या समजुतीला आव्हान दिले ते आपल्या देशाच्या जगदीशचंद्र बसू यांनी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपले प्रयोग करून दाखविले. सामान्य भाजीपाल्याच्या देठातही आघाताला विद्युत्-प्रतिसाद मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीपुढे त्यांनी निबंध वाचला तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांत स्वतः बर्डन-सँडरसन होते. बसूंचा निबंध त्या वेळी प्रसिद्ध न होता दप्तरात पडून राहिला.

बसू चिडले नाहीत, खचलेही नाहीत. त्यांनी अधिक सूक्ष्म यंत्रे बनविली, आणि तीही बव्हंशी आपल्या देशातील कारागिरांच्या हातून. त्यांपैकी क्रेस्कोग्राफ हे वृद्धिमापक यंत्र जगप्रसिद्ध झाले. त्याच्या सुधारलेल्या चुंबकीय आवृत्तीत रोपाची वाढ एक कोटी पटीपर्यंत मोठी करून दाखविता येई. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. या यंत्राविषयीही शंका घेण्यात आली. तेव्हा १९२० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी ते तज्ज्ञांच्या स्वाधीन केले. तज्ज्ञांनी ते तपासले आणि यंत्र खरोखरच वाढ मोजते, असे वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी बसू रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या कथेचा एक दुसरा भाग आपण क्वचितच सांगतो. बसूंचे सारेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. वनस्पतीत मज्जासंस्था आहे असे त्यांनी मांडले. परंतु वनस्पतीला ना मेंदू आहे ना मज्जातंतू. झाडात पाणी वर चढते ते पेशींच्या स्पंदनामुळे, हे त्यांचे मतही स्वीकारले गेले नाही. मात्र सामान्य वनस्पतीतही विद्युत्-संकेत असतात हे त्यांचे मूळ निरीक्षण खरे ठरले. यंत्राने घेतलेली नोंद टिकली, तिच्यावरून काढलेली काही अनुमाने गळून पडली. थोर शास्त्रज्ञाच्या बाबतीतही नोंद आणि अनुमान वेगळे पाहावे लागते. मग उपकरण विकणाऱ्याच्या बाबतीत ते किती अधिक पाहावे लागेल!

आडवाटा

या क्षेत्राला आडवाटाही पुष्कळ आहेत. १९६६ साली अमेरिकेत खोटे पकडण्याच्या यंत्राचे एक जाणकार क्लीव्ह बॅक्स्टर यांनी आपल्या कार्यालयातील रोपाला ते यंत्र जोडले आणि रोप माणसाच्या मनातील विचार ओळखते असे जाहीर केले. ही बातमी जगभर पसरली. परंतु १९७५ साली इतर शास्त्रज्ञांनी काटेकोर बंदोबस्तात त्यांच्या प्रयोगाची पुनरावृत्ती केली, तेव्हा तसे काहीही आढळले नाही. आजही शाळांच्या भित्तिपत्रकांतून ही कथा विज्ञान म्हणून लिहिली जाते. गुरुजनांना माझी विनंती आहे की, ती लिहिताना १९७५ सालची हकीकतही शेजारी लिहावी.

दुसरी आडवाट शेतातली आहे. पिकावरून तारा ताणून हवेत विद्युत्-भार सोडला तर उत्पन्न वाढते, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे. ब्रिटनमध्ये शासनाने १९१८ साली यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. प्रारंभी काही शेतांत उत्साहवर्धक आकडे मिळाले. पण एका वर्षी मिळालेला लाभ दुसऱ्या वर्षी मिळेना, एका शेतातला दुसऱ्या शेतात दिसेना. शेतकऱ्याला भरवसा देता येईल असे काही हाती न आल्यामुळे १९३० च्या दशकात ते काम आवरते घेण्यात आले. तांब्याची तार जमिनीत खोचून पीक वाढविण्याचे जे उपाय आज नव्याने सांगितले जातात, ते याच जुन्या कल्पनेचे वंशज आहेत.

आज काय साधले आहे?

मग सारेच थोतांड आहे काय? मुळीच नाही. गेल्या काही वर्षांत खरोखर नवे काम झाले आहे. २०१३ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी, पान जखमी झाल्यावर निघणाऱ्या विद्युत्-संकेतास कोणती जनुके कारण होतात, हे शोधले. या संकेतामुळेच दूरच्या, न चावलेल्या पानातही किडीविरुद्ध संरक्षणाची तयारी सुरू होते. २०१८ साली अमेरिका व जपानमधील संशोधकांनी अशा संकेताबरोबर पानापानांतून धावणारी कॅल्शियमची लाट चित्रित केली.

ऐकण्यापलीकडे जाऊन वनस्पतीवर परिणाम करण्याचे प्रयत्नही होत आहेत. स्वीडनमधील लिनशॉपिंग विद्यापीठाने २०१५ साली गुलाबाच्या छाटलेल्या फांदीला वीजवाहक पदार्थाचे द्रावण शोषू दिले. तो पदार्थ फांदीच्या जलवाहिन्यांत तारेसारखा घट्ट झाला आणि आत साधे विद्युत्-मंडल तयार झाले. २०१७ साली तेथेच एका छोट्या उपकरणाने वनस्पतीच्या मुळाशी तिचेच संप्रेरक हवे तेवढे सोडून मुळाच्या वाढीवर नियंत्रण मिळविले. २०२१ साली सिंगापूरमधील संशोधकांनी मोबाइल फोनवरून संदेश पाठवून डायोनियाचे पान मिटवून दाखविले. २०२३ साली लिनशॉपिंगच्या संशोधकांनी बार्लीची रोपे मातीविना, वीजवाहक आधारद्रव्यात वाढविली. मुळांना सौम्य विद्युत्-उत्तेजन दिलेली रोपे पंधरा दिवसांत ५० टक्क्यांपर्यंत अधिक वाढली.

हा शेवटचा आकडा नीट ऐकावा, कारण जाहिरातीत तोच सर्वप्रथम येईल. हा प्रयोग बार्लीचा आहे, भाताचा नाही. तो प्रयोगशाळेतील आहे, खाचरातील नाही. तो पंधरा दिवसांच्या रोपांचा आहे. त्यात दाणा भरला नाही, कापणी झाली नाही, पोते मोजले गेले नाही. संशोधकांनी काही चुकीचे सांगितलेले नाही. चूक होते ती प्रयोगशाळेपासून बाजारापर्यंतच्या प्रवासात.

आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष वापरात येत असलेली साधने यापेक्षा साधी आहेत. बारामती येथील कृषी विज्ञान केंद्राने उसाच्या शेतात जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांची सांगड घालून शेतकऱ्याला सल्ला देण्याचे काम हाती घेतले आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरणही मंजूर केले आहे. ही साधने मुख्यतः माती आणि हवा मोजतात. रोपाच्या आतील वीज मोजत नाहीत. हा भेद लक्षात ठेवावा. भातापुरते बोलायचे तर हिरव्या रंगाच्या छटा छापलेला पर्णरंग तक्ता पानाशेजारी धरून नत्राची गरज ओळखता येते. त्याला ना सेल लागतो, ना दुरुस्ती. रोपाचे म्हणणे ऐकण्याचे तेही एक साधनच आहे.

एक कबुली

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. सेवेच्या प्रारंभीच्या काळात, दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना, पिकाच्या पाण्यावर विद्युत्-चुंबकीय संस्कार करणाऱ्या एका उपकरणाचे प्रात्यक्षिक मी पाहिले. विक्रेत्याने दिलेल्या आकड्यांवरून मी उत्साहाने टिपण लिहिले आणि ते स्थानिक पत्रात छापून आले. पुढच्या वर्षी एक वयस्कर शेतकरी ते कात्रण घडी घालून खिशात ठेवून माझ्याकडे आले. आवाजात राग नव्हता. त्यांनी विचारले, “साहेब, हे तुम्हीच लिहिलं ना? मग तुम्ही कुठं मोजलं होतं, तेवढं सांगा. मी तिथं जाऊन बघून येतो.”

मी कोठेच मोजले नव्हते. त्यांनी सोसायटीचे कर्ज काढून ते यंत्र घेतले होते. पीक बरे आले होते, पण त्या वर्षी पाऊसही बरा होता आणि शेजाऱ्याचे यंत्राविना तेवढेच आले होते. मजजवळ उत्तर नव्हते. ते कात्रण त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेले. त्या दिवसापासून कोणत्याही टिपणावर सही करण्यापूर्वी मी हाच प्रश्न विचारतो : कोठे मोजले, कोणी मोजले आणि कशाशी तुलना करून मोजले?

ग्रामपंचायतीने काय करावे?

तोच प्रश्न आपणही विचारावा. एखादे उपकरण गावात आले तर त्याला दार बंद करू नये आणि डोळे मिटून ठरावही करू नये. पहिली गोष्ट, हे उपकरण मोजते की परिणाम करते, ते स्पष्ट विचारावे. मोजत असेल तर नेमके काय मोजते? परिणाम करीत असेल तर कोणत्या पिकावर, कोणत्या अवस्थेत? दुसरी गोष्ट, कृषी विद्यापीठाने किंवा कृषी विज्ञान केंद्राने त्याची चाचणी केली आहे काय? आपल्या शेजारी वडगाव मावळ येथे भाताचे संशोधन केंद्र आहे. इंद्रायणी हे वाण तेथूनच १९८७ साली प्रसारित झाले. भाताविषयी शंका असेल तर ती विचारण्याचे ठिकाण इतके जवळ आहे. तिसरी गोष्ट, आपल्या धुवांधार पावसात, दमट हवेत आणि खंडित वीजपुरवठ्यात ते किती दिवस चालेल आणि बिघडले तर दुरुस्त कोण करील?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वतः तुलना करावी. एका खाचरात यंत्र लावून शेजारच्या खाचराशी ताडून पाहणे पुरेसे नाही. वरच्या खाचरातील माती आणि खालच्या खाचरातील माती वेगळी असते, हे मी आपणांस सांगायला नको. म्हणून सारख्या आकाराचे आठ लहान वाफे आखावेत. वाण एक, रोपाचे वय एक, आवणीचा दिवस एक, खत एक. चिठ्ठ्या टाकून त्यांतील चार वाफ्यांना उपकरण लावावे, चार तसेच ठेवावेत. कापणीनंतर मळणी व वाळवणी करून प्रत्येक वाफ्याचे भात वेगळे मोजावे, आणि मोजणाऱ्याला कोणता वाफा कोणता हे ठाऊक नसावे. हे दोन हंगाम करावे. विक्रेत्याला आपल्या मालाचा विश्वास असेल तर तो या चाचणीसाठी उपकरण आनंदाने देईल. देत नसेल, तर उत्तर चाचणीपूर्वीच मिळाले असे समजावे.

शाळांसाठी

शिक्षक बंधु-भगिनींना एक लहान प्रयोग सुचवितो. पावसाळ्यात शाळेच्या आवारात लाजाळूच्या काही कुंड्या ठेवाव्यात. शिक्षकांनी स्वतः उदबत्तीचा विस्तव पानाच्या टोकाच्या पर्णिकेजवळ क्षणभर न्यावा. मुलांनी घड्याळ लावून पर्णिका मिटत जाण्याचा काळ आणि फूटपट्टीने अंतर मोजावे. सेकंदाला किती सेंटिमीटर, हे गणित पाचवी-सहावीची मुले करू शकतात. दहा पानांवर प्रयोग केला तर दहा वेगवेगळी उत्तरे येतील. मग सरासरी काढावी, फरक का पडला यावर चर्चा करावी. सकाळी आणि दुपारी, ढगाळ दिवशी आणि उन्हात उत्तर बदलते काय, ते पाहावे. जे मूल आज लाजाळूचा वेग मोजील, ते उद्या ग्रामसभेत उभे राहून “कोठे मोजले?” असे विचारील.

समारोप

मित्रहो, मुळशीला विजेची ओळख नवी नाही. आपल्या खोऱ्यातील पाणी अडवून ते भिरा येथे वीजनिर्मितीसाठी उतरविले गेले आणि त्यासाठी ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनी १९२१ साली सेनापती बापट यांच्यासमवेत सत्याग्रह केला. वीज आली, पण ती कोणासाठी आणि कोणत्या मोलाने, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य या मातीने तेव्हाच दाखविले होते. आजचा प्रसंग त्या मानाने लहान आहे, तरी प्रश्न विचारण्याची सवय तीच आहे.

विद्युत्-संकेतांचे हे शास्त्र उद्या खरोखरच उपयोगी ठरेल, अशी मला आशा आहे. करपा पानावर दिसण्यापूर्वी कळला तर औषधाची एक फवारणी वाचेल, नत्र योग्य वेळी पडले तर ओढ्याचे पाणी निर्मळ राहील. परंतु ते दिवस जाहिरातीने येणार नाहीत. जगदीशचंद्र बसूंनी आपले यंत्र शंका घेणाऱ्यांच्याच हाती दिले आणि म्हणाले तेवढे सिद्ध करून दाखविले. आपल्या गावात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला आपण हीच कसोटी लावू या. बांधावर काटा असू द्या, नोंदवहीत आकडा असू द्या. मग पीक वाढले की नाही, हे आपल्याला कोणी येऊन सांगण्याची गरज राहणार नाही.